आडखोलच्या गलबताची पाटी

ओलं गोणपाट. त्याला नासलेल्या भातासारखा वास येतो आणि रिक्षात बसल्यावरही तो अंगावरून उतरत नाही.

जोगेश्वरी पूर्वेची एक सोसायटी. ए विंगमधल्या एका घरच्या गणपतीचा प्रसाद बी विंगमधलं एक घर घेत नाही. बी विंगमधल्या त्या घरी सत्यनारायण असला की ए विंगमधलं ते घर दाराला कुलूप घालून विरारला बहिणीकडे जातं.

मंगळुरी कौल. पन्नास वर्षं गाळात राहूनही लाल.

थर्माकोलचा हत्ती, कुठल्या तरी बंद पडलेल्या मालिकेतला. एक पाय नाही.

तुळशीची माळ घातली की मासे सुटतात, मटण सुटतं, दारू सुटते. कोकणात मासे सोडलेल्या माणसाला लोक मान देतात आणि जेवायला बोलवायचं टाळतात.

‘तांडेलाच्या बेपर्वाईमुळे हे गलबत खाडीच्या तोंडाशी बुडाले व दोन खलाशी मृत्युमुखी पडले.’

बाकी सगळं मालनने चालवून घेतलं असतं. वास, हत्ती, कुलूप, सगळं. हे वाक्य नाही. कारण तो तांडेल, म्हणजे ते गलबत हाकणारा मुख्य माणूस, काशीराम, तिचा बाप होता. आणि हे वाक्य आता पितळेच्या पाटीवर कोरलं जाणार होतं.

*

गलबत आडखोलचं. शिडाचं, सागवानी, कौलं आणि मीठ वाहणारं. आडखोलच्या खाडीत नव्या जेटीसाठी गाळ उपसताना यंत्राच्या दातांना आधी कौलं लागली, मग फळी, मग सगळंच. गाळात हवा नसते म्हणून लाकूड टिकतं, असं पेपरात आलं. बोरिवलीला एक खासगी संस्था समुद्राच्या इतिहासाचं दालन उभारत होती. त्यांनी ते मागितलं, ट्रेलरवर चढवून मुंबईला आणलं आणि दुरुस्तीसाठी अंधेरीच्या एमआयडीसीत एका गोदामात ठेवलं. गोदामाच्या उरलेल्या अर्ध्या भागात मालिकांचे सेट पडलेले होते. त्यामुळे आडखोलचं गलबत प्लायवूडच्या राजवाड्याला पाठ लावून उभं होतं, अंगभर ओली गोणपाटं घेऊन. भिजलेलं जुनं लाकूड एकदम वाळलं तर तडकतं, म्हणून त्याच्यावर दिवसभर पाण्याचा फवारा चालू असायचा.

दुरुस्तीचं काम नीलमकडे होतं. मानखुर्दची मुलगी. जुन्या लाकडाचं शास्त्र शिकून आलेली, तोंडाने फटकळ. आडखोल ग्रामस्थ मंडळाची माणसं पहिल्या दिवशी गलबत बघायला आली तेव्हा त्यांनी गलबताआधी तिची चौकशी केली. मूळच्या कुठल्या, आडनाव काय. तिने सांगितलं. त्यानंतर तिने पुढे केलेला चहा दोघांनी ‘आत्ताच झाला’ म्हणून परत केला. पुढे त्या मंडळींसाठी नीलमने चहा मागवला नाही.

पाटीसाठी इतिहास मंडळाने द्यायचा होता आणि मंडळाचा अध्यक्ष होता दत्ताराम. ए विंगवाला. गलबत त्याच्या बापाचं; बाप नाखवा, म्हणजे मालक. आणि जे दोन खलाशी बुडाले त्यातला एक, अंबादास, दत्तारामचा थोरला भाऊ. दत्तारामने इतिहास एका बैठकीत लिहून दिला. त्यासाठी त्याला काही आठवावं लागलं नाही. पन्नास वर्षं तो हेच बोलत होता: काशीराम तांडेल पिऊन सुकाणूवर झोपला आणि गलबत खडकावर घातलं.

मालनला हे कळलं ते मुलीकडून. श्रुतिकाने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटीचा मजकूर वाचला आणि आईला दाखवला. दुसऱ्या दिवशी मायलेकी गोदामात हजर.

*

दत्ताराम तिथे होताच. प्लास्टिकची खुर्ची टाकून गलबताच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, असा बसला होता, जसं काही ते त्याने स्वतः तासून काढलंय. मालनने त्याच्याकडे न बघता नीलमला सांगितलं की हे वाक्य खोटं आहे, ते काढा.

खोटं कसं, असं नीलमने विचारलं.

मालन म्हणाली की तिचा बाप माळकरी होता. गळ्यात माळ घातल्यापासून त्याने दारूच काय, ताकातली मिरचीसुद्धा कुणाच्या घरची खाल्ली नाही. तो पिऊन झोपणं शक्य नव्हतं. हे ती बोलत होती नीलमशी, पण आवाज गलबताच्या पलीकडच्या टोकापर्यंत जाईल असा लावला होता.

“माळ गळ्यात नि बाटली काखेत,” दत्ताराम म्हणाला, “असले मी खूप बघलंय.”

“तुम्ही तेव्हा गावात होतात काय अध्यक्षसाहेब? तुम्ही तर गिरगावात मामाकडे. मामाच्या जिवावर शिकत होता.”

“शिकलंय तरी. तुझो बापूस काय शिकलो? पोवाक. माझो भाव गेलो, नि तो पोवान इलो.”

हे मालनच्या वर्मी बसलं. असं नव्हे की ते ती पहिल्यांदा ऐकत होती. काशीराम पोहून जिवंत परत आला, हाच गावाच्या लेखी त्याचा खरा गुन्हा. बुडला असता तर कुणी दारूचं नाव काढलं नसतं. पण तो ओल्या धोतराने किनाऱ्यावर चालत आला आणि अंबादासचं प्रेत दोन दिवसांनी वाहत आलं. त्यानंतर काशीरामच्या घरच्या विहिरीवर कुणी पाणी भरलं नाही. वर्षभरात तो बायको-मुलगी घेऊन मुंबईत आला, गिरणीत लागला, गिरणी गेल्यावर याच अंधेरीत कुठल्याशा कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला. गलबताबद्दल तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. लोक तोंडावर बोलले तरी नाही. बापाचं हे गप्प राहणं मालनला फार मोठं वाटायचं. खोटं बोलणाऱ्यांना उत्तर न देणारा माणूस, असं ती श्रुतिकाला सांगायची.

ती आता दत्तारामला म्हणाली की तुमचा भाऊ पोहायला शिकला नाही हाही माझ्या बापाचा दोष काय. दत्ताराम खुर्चीतून उठला. श्रुतिका मध्ये पडली. आई, बस कर. काका, तुम्हीपण बसा ना.

“झालं?” नीलम म्हणाली. “तुमच्या गावचं भांडण तुमच्या सोसायटीत करा. इथे आवाज नको. आणि एक सांगते, तुमच्या दोघांपैकी कुणाचंच म्हणणं मी पाटीवर घालणार नाही. बूड तपासून होऊ दे. खडकाला आपटलं असेल तर दिसेल. नसेल तर तेही दिसेल.”

“तू कोण ठरवणारी?” दत्ताराम म्हणाला.

“जिचा चहा तुम्हाला चालत नाही ती,” नीलम म्हणाली, आणि फवाऱ्याचा नळ तिने त्याच्या खुर्चीच्या दिशेने थोडा जास्तच वळवला.

*

पुढचे दिवस कसे गेले ते सोसायटीला विचारावं. मालनच्या दारासमोर कुणीतरी माशाची खवलं टाकली. दत्तारामच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली सापडली. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी काशीराम तांडेलाचा जुना फोटो टाकला आणि खाली हसणारे चेहरे. मालनने तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. बापाच्या गळ्यात माळ स्पष्ट दिसत होती. एवढं दिसूनही ही माणसं हसतात.

श्रुतिका म्हणाली, सोड ना आई. बोरिवलीला कोण जाणार आहे ती पाटी वाचायला? शाळेची पोरं. त्यांना काय, काशीराम कोण.

मालन म्हणाली, तुझ्या पोरांची शाळा पण जाईल ना उद्या.

*

नीलमने दोघांना एकाच दिवशी बोलावलं. मुद्दामच. म्हणाली, एकदाच सांगणार, मग मला कामं आहेत.

गलबताची गोणपाटं एका बाजूने काढलेली होती. खाली वाकून बघायला लागत होतं. पठाण, म्हणजे गलबताचा कणा, शाबूत होता. त्यावर खरवडल्याची, आपटल्याची एकही खूण नव्हती. नीलमने टॉर्च मारून टोकापासून टोकापर्यंत दाखवलं. खडक नाही. खडकाचा प्रश्नच नाही.

मालनने दत्तारामकडे पाहिलं. त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला आनंद म्हणायचं, पण त्यात गोडवा कमी आणि दात जास्त होते.

मग नीलमने टॉर्च कण्यावरून कडेच्या फळ्यांवर नेला. फळ्या वरून चांगल्या दिसत होत्या. तिने एका ठिकाणी कापलेला तुकडा हातात दिला. आतून तो जाळीदार पावासारखा होता. बोट घातलं तर जाईल एवढी भोकं, एकाला एक लागून. समुद्रातला किडा. लाकडात शिरतो तेव्हा टाचणीएवढा असतो, आत गेला की वाढतो, बाहेरून काही कळत नाही. एके दिवशी भरल्या मालासकट बूड खाली गळून पडतं. वारा लागत नाही, खडक लागत नाही.

“पण सगळ्याच गलबतांना किडा लागायचा की,” दत्ताराम म्हणाला. आवाज उतरला होता.

लागायचा, म्हणून तर बुडाला चुना आणि जनावराची चरबी कालवून लावायचे, नीलमने सांगितलं. दर काही महिन्यांनी, थरावर थर. चरबीमुळे चुना पाण्यात टिकतो आणि किड्याला आत शिरता येत नाही. या गलबतावर तसे थर आहेत, एकावर एक, कांद्यासारखे. तिने ते लॅबमध्ये तपासून घेतले होते. आतले जुने सगळे थर चुना आणि चरबीचे. शेवटचे काही मात्र वेगळे. त्यांत चरबीचा अंशही नाही. चुना आहे आणि झाडाचं तेल आहे. बहुतेक उंडीचं, कोकणात पूर्वी दिव्यात घालायचे ते. ते पाण्यात टिकत नाही. निदान दीड-दोन वर्षं हे गलबत उघड्या बुडाने समुद्रात फिरत होतं.

“कुणी का बदललं ते लाकूड सांगत नाही,” नीलम म्हणाली. “बदललं एवढं नक्की.”

मालन टॉर्चच्या उजेडातल्या त्या पांढऱ्या पापुद्र्याकडे बघत राहिली. कुणी बदललं ते तिला ठाऊक होतं. ते डोळ्यांनी पाहिलेल्यांत आता फक्त तीच जिवंत होती.

ती तेव्हा लहान होती, पण इतकी लहान नव्हती. नाखव्याच्या घरासमोर उभा असलेला तिचा बाप, हात पाठीमागे बांधलेले, गळ्यात नवी कोरी माळ. तो सांगत होता की आता जनावराची चरबी त्याच्या हाताने लागायची नाही आणि त्याच्या हाताखालच्या माणसांनीही ती लावायची नाही. जमत नसेल तर नाखव्याने दुसरा तांडेल बघावा. नाखवा चिडला, विनवण्या केल्या, शेवटी हो म्हणाला, कारण काशीरामसारखा तांडेल त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. मग परसातल्या उंडीचं तेल. हे सगळं मालनने अभिमानाने जपून ठेवलं होतं. बाप किती पक्का होता याची तिची सगळ्यात आवडती गोष्ट हीच. श्रुतिकाला झोपवताना तिने ती कितीदा सांगितली होती. लावायला घेतलेली चरबी बघून आजोबा कसे गर्रकन वळले, ते हात करून दाखवायची आणि श्रुतिका हसायची.

श्रुतिका शेजारीच उभी होती. तिचं तोंड उघडलं.

“पण आई, आजोबा तर चरबीला—”

मालनने तिच्या दंडाला धरलं. नखं रुतेपर्यंत. श्रुतिकाने तिच्याकडे पाहिलं आणि गप्प झाली.

दत्तारामचं तिकडे लक्षच नव्हतं. तो फळीच्या तुकड्यात बोट घालून उभा होता. त्याचा बाप गावात प्रसिद्ध चिक्कू. मयताच्या तिरडीचे बांबूसुद्धा मोजून देणारा. हे दत्तारामला कुणी सांगायला नको होतं. आणि उंडीची झाडं त्यांच्याच परसात होती, तेल फुकट.

“लिव,” तो नीलमला म्हणाला.

नीलम म्हणाली की ती एवढंच लिहील की बुडाची निगा राखली गेली नव्हती. नाव कुणाचंच नको.

“नाव होया. पन्नास वर्सां हिच्या बापाशीचा नाव घेतलंय मी. आता माझ्या बापाशीचा लिव. नाखव्यान बुडाक चरबी लावल्यान नाय, म्हणान गलबत बुडला. त्येचोच झील मेलो त्येच्यात, ताय लिव.”

तो मालनकडे वळला. माफी मागेल असं मालनला वाटलं आणि ती घट्ट झाली. पण दत्तारामच्या तोंडावर माफी नव्हती. तिच्याकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत पूर्वीइतकाच राग होता. उलट आता जास्तच, कारण आता त्याला तो ठेवायला जागा नव्हती.

“खूश?” तो म्हणाला.

एक शब्द पुरला असता. ‘थांबा’ म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप आलं असतं. नाखव्यानेही हो म्हटलं होतंच की, असं ती मनात म्हणाली. मालक तो. त्याने नाही म्हणायला हवं होतं. हे खरं होतं आणि तिला ते जेवढं हवं होतं तेवढंच खरं होतं.

*

रिक्षात.

“तू मला ती गोष्ट सांगायचीस.”

“कुठली?”

“आई.”

“लहान होतीस. झोपेत काय ऐकलंस तुला काय माहीत?”

“दंड बघ माझा.”

“घरी गेल्यावर तेल लावते.”

“उंडीचं लाव,” श्रुतिका म्हणाली, आणि मरोळ येईपर्यंत बाहेर बघत बसली. मरोळला ती उतरली. मला मेट्रोने जायचंय, म्हणाली. मरोळची मेट्रो जोगेश्वरीला जात नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं.

*

‘मालकाने बुडाची निगा न राखल्यामुळे हे गलबत खाडीच्या तोंडाशी बुडाले व दोन खलाशी मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक मालकाचा मुलगा होता.’

हे वाक्य पितळेवर आलं. मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला आणि दोन दिवसांत वारं फिरलं. ज्यांनी काशीरामच्या फोटोखाली हसणारे चेहरे टाकले होते त्यांनीच आता लिहिलं की नाखव्याच्या घराण्याने पोटचं पोर खाल्लं. अध्यक्ष बदला अशी मागणी आली. दत्तारामने त्याआधीच राजीनामा दिला होता. त्या वर्षी ए विंगमधल्या त्याच्या गणपतीला आडखोलचं कुणी फिरकलं नाही. बी विंगच्या गॅलरीतून मालनला त्याचं दार दिसायचं. आरतीच्या वेळी ते उघडं असायचं, आणि आतून एकट्या माणसाच्या टाळ्यांचा आवाज यायचा, तालाला थोडा मागे पडणारा.

लोक तिच्याकडे मात्र येऊ लागले. काशीराम तांडेल देवमाणूस होता, हे तिला आता तीच माणसं सांगत होती. ती त्यांना चहा द्यायची. श्रुतिका आली तर स्वयंपाकघरातच बसायची आणि पाहुणे गेल्याशिवाय बाहेर येत नसे. मुलांना आजीकडे पाठवणं तिने कमी केलं होतं. विचारलं तर म्हणायची, त्यांना गोष्टी ऐकायची सवय लागते.

*

दालनाचं उद्घाटन बोरिवलीला झालं. गलबत लोखंडी पायांवर उभं, शीड नवीन, बाकी जुनं तसंच ठेवलेलं. फळ्यांची भोकं नीलमने बुजवली नव्हती. काचेतून दिसावीत म्हणून एक बाजू उघडी ठेवली होती. पाहुणे बोलून झाले, शीड वर चढलं, टाळ्या झाल्या.

मग नाळेवर नारळ. आडखोलच्या रीतीने हा मान नाखव्याच्या घरचा. दत्ताराम पुढे झाला, हातात नारळ, अंगात इस्त्रीचा सदरा. लोक कुजबुजले. एकजण मोठ्याने खोकला. दत्ताराम नाळेपर्यंत गेला, वळला आणि गर्दीतून वाट काढत सरळ मालनसमोर येऊन उभा राहिला.

“धर. मान तुझो.”

मालनने नारळ घेतला. तो जड होता, पाण्याने भरलेला.

“माझ्या घराक येव नको,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मीय येवचंय नाय. ह्या फक्त मानाचा.” आणि जायला वळता वळता थांबला. “एकच सांग. तुझ्या बापाशीक तर म्हायत होता, बुडाक चरबी नाय ती. तांडेलाक म्हायत नाय असा कसा होयत? मग मरासर तोंड कित्याक उघडल्यान नाय?”

नीलम जवळ होती. श्रुतिका तिच्या मागे. दोघी मालनकडे बघत होत्या.

या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर होतं. आयुष्यभर ज्या गप्प बसण्याला ती मोठेपणा समजत आली ते काय होतं, हे तिला गोदामातच कळलं होतं. तिने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“तुमच्या बापाची लाज राखल्यान,” ती म्हणाली.

दत्तारामने तोंडातल्या तोंडात काहीतरी शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही. बहुधा स्वतःच्या बापाला. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला हात जोडले. रागाने जोडावेत तसे, एकावर एक आपटून. पण जोडले.

श्रुतिका दालनातून बाहेर गेली. तिच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता.

मालन नाळेपाशी गेली आणि नारळ फोडला. पहिल्याच फटक्यात फुटला. लोकांनी तांडेलाच्या नावाचा जयजयकार केला.

गलबत बुडालं त्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी दत्तारामच्या बापाने मालवणहून चरबीचे दोन डबे आणले होते. काशीरामने त्यांना हात लावू दिला नाही आणि दिवाळीपर्यंत ते झाकण न उघडता त्याच्या खळ्यात पडून होते.